इतर परिस्थिती कायम असताना

वाणिज्य शाखेच्या पोरांना विषयांची नावं तोडून बोलायची सवय असते. बीके, ओसी, एसपी, इको. बीकेची, म्हणजे बुककीपिंगची, धास्ती असते, ओसी-एसपीची घोकंपट्टी असते आणि इकोचं ‘आदल्या रात्री बघू’ असतं. तालुक्याच्या गावी बरीच वर्षं बीकॉमच्या वर्गांना हाच विषय, म्हणजे अर्थशास्त्र, शिकवल्यामुळे त्या आदल्या रात्रीचं पीक मी उत्तरपत्रिकांमधून भरपूर कापलं आहे. तेव्हा हा विषय वाणिज्य-व्यवस्थापनाच्या पदवीतून कमी करावा, त्याचे तास टॅली, जीएसटी, डिजिटल मार्केटिंग यांना द्यावेत, असं कोणी म्हटलं की मला धक्का बसत नाही. अभ्यासक्रम बदलायची वेळ आली की हे बोलणं निघतंच. अर्थशास्त्र कला शाखेकडे राहू द्या, आमच्या पोरांना नोकरी लागू द्या, असा त्याचा सूर असतो.

सूर प्रामाणिक आहे, म्हणूनच त्याला उत्तर द्यायला हवं.

पहिला आक्षेप नोकरीचा. मुलाखतीत मागणीची लवचिकता कोणी विचारत नाही, टॅली येतं का एवढंच विचारतात. खरं आहे. पण टॅली काही आठवड्यांत शिकवणारे क्लास प्रत्येक एसटी स्टँडसमोर आहेत. त्यासाठी तीन वर्षांची पदवी कशाला हवी? ‘खरी कॉमर्सची पोरं सीए करतात’ म्हणणाऱ्यांनी सीए फाउंडेशनचे पेपर एकदा बघावेत. चारांपैकी एक पूर्ण पेपर ‘बिझनेस इकॉनॉमिक्स’चा आहे. हिशेबनीसांच्या संस्थेलाही नुसता हिशेब पुरेसा वाटलेला नाही.

का पुरेसा नाही, ते एका दुकानावरून सांगतो. माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या वडिलांचं किराणा दुकान होतं. बाजारपेठेत, स्वतःच्या जागेत. मुलाने नफातोटा पत्रक आणलं, त्यात वर्षाचा नफा सहा लाख. बीकेच्या दृष्टीने उत्तर तिथे संपलं. मी त्याला म्हटलं, शेजारच्या गाळ्याला भाडं किती मिळतं? वीस हजार महिना. म्हणजे वर्षाचे दोन लाख चाळीस हजार तुम्ही स्वतःलाच देता, फक्त लिहीत नाही. वडील दुसऱ्याच्या दुकानात बसले असते तर पंधरा हजार पगार मिळाला असता, वर्षाचे एक लाख ऐंशी हजार. कॉलेजखेरीजचा सगळा वेळ तू गल्ल्यावर असतोस. एमआयडीसीत बारा हजार मिळाले असते, एक लाख चव्वेचाळीस. मालात दहा लाख अडकलेत. सात टक्क्यांच्या ठेवीत सत्तर हजार व्याज आलं असतं. त्याने बेरीज केली. सहा लाख चौतीस हजार. नफा सहा लाख. पोरगं कागदाकडे बघत राहिलं.

यालाच पुस्तकात वैकल्पिक खर्च म्हणतात, आणि परीक्षेत त्याची दोन गुणांची व्याख्या विचारतात. हिशेबवही झालं ते सांगते. त्याऐवजी काय झालं असतं, हे ती सांगत नाही. ते सांगायचं काम तिचं नव्हेच. व्यवस्थापनाची पदवी घेऊन जो माणूस उद्या गोदाम भाड्याने घ्यायचं की बांधायचं हे ठरवणार, त्याचा सगळा व्यवहार या ‘त्याऐवजी’शीच आहे.

दुसरा आक्षेप जास्त दमदार आहे. पुस्तकातला उद्योजक सीमान्त खर्च (एका जादा नगाचा खर्च) आणि सीमान्त प्राप्ती (त्या नगातून येणारे पैसे) यांचे वक्र जिथे छेदतात तिथे उत्पादन थांबवतो. असा प्राणी कोणी पाहिला आहे? हा प्रश्न नवा नाही. १९३९ साली छापून आलेल्या पाहणीत ऑक्सफर्डच्या हॉल आणि हिच यांनी ३८ उद्योजकांना किंमत कशी ठरवता, असं विचारलं, तेव्हा बहुतेकांचं म्हणणं निघालं की एकूण खर्चावर ठरावीक नफा चढवतो आणि मोकळा होतो. अर्थशास्त्रज्ञांची त्या वेळी बरीच पंचाईत झाली.

पण मग आपल्या किराणा दुकानदाराला विचारा, साखरेवर आणि काजूवर सारखाच नफा चढवता का? तो हसेल. साखरेचा भाव गिऱ्हाइकाला तोंडपाठ असतो; रुपया वाढवला की ते समोरच्या दुकानात जातं. काजूचा भाव दिवाळीखेरीज कोणाच्या लक्षात नसतो. ‘ठरावीक नफा’ किती ठरवायचा, हे शेवटी गिऱ्हाईक किती हलतं यावरच ठरतं. लवचिकता हा शब्द त्याच्या कानावरून गेलेला नसतो, पण गोष्ट त्याच्या बोटांत असते.

यावर आक्षेपक लगेच म्हणतील: बोटांत असेल तर शिकवता कशाला? धंद्यात पडलं की आपोआप कळतं! इथे मात्र माझा आवाज थोडा चढतो. आपोआप कळतं ते ज्याच्या घरात तीन पिढ्यांचा गल्ला आहे त्याला. माझ्या वर्गात ऊसतोड कामगाराची मुलगी होती, शिपायाचा मुलगा होता. त्यांना हे बाळकडू कोण पाजणार होतं? व्यापाऱ्याच्या पोराला वारसा म्हणून मिळतं ते यांच्या हाती शास्त्र म्हणूनच पडू शकतं.

वाणिज्याच्या वर्गात अर्थशास्त्र ही काही नवी टूम नाही. मुंबईचं सिडनहॅम हे वाणिज्य महाविद्यालय १९१३ चं. तिथे १९१८ मध्ये पोलिटिकल इकॉनॉमीचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. वाणिज्याच्या विद्यार्थ्यांपुढे ते अर्थशास्त्र शिकवत होते आणि पुढे १९२३ मध्ये त्यांचा रुपयावरचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. रुपयाचा दर एक शिलिंग चार पेन्स असावा की सहा, हा तेव्हा व्यापाऱ्यांच्या जिव्हाळ्याचा वाद होता. दर उतरला की व्यापारी कमावतो, पण भाव वाढून मजुराची मजुरी आतून कुरतडली जाते, ही बाजू आंबेडकरांनी मांडली. निर्यातदाराच्या वहीत यातला फक्त पहिला अर्धा भाग दिसतो.

तिसरा आक्षेप भाकिताचा. २००८ ची मंदी अर्थशास्त्रज्ञांना आधी का दिसली नाही, हा इंग्लंडच्या राणीने त्याच वर्षी विचारलेला प्रश्नही आमच्या तोंडावर फेकला जातो. तो फेकावा, पण बीकॉमच्या वर्गात कोणी मंदीची तारीख काढायला शिकवत नाही.

आता आक्षेपकांच्या भात्यातला सर्वांत धारदार बाण मीच काढून देतो, कारण तो त्यांना सापडलेला दिसत नाही. रोनाल्ड कोस नावाचा विद्यार्थी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये बीकॉम करत होता. अर्थशास्त्राचा एकही अभ्यासक्रम आपण घेतला नव्हता, असं त्याने स्वतःच सांगून ठेवलं आहे. १९९१ चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यालाच मिळालं. घ्या! इको न शिकता नोबेल.

पण गोष्ट पुरती ऐका. वाणिज्याचे प्राध्यापक अर्नोल्ड प्लांट यांच्या चर्चावर्गात तो बसला. बाजारातल्या किमती सगळा व्यवहार कसा जुळवून आणतात, हे त्याने तिथे ऐकलं. त्याच्या मनात आलं, तसं असेल तर मुळात कंपनी असतेच कशाला? १९३१-३२ मध्ये शिष्यवृत्तीवर तो अमेरिकेत गेला, फोर्ड आणि जनरल मोटर्सचे कारखाने पाहिले, आणि १९३७ मध्ये त्याचा ‘द नेचर ऑफ द फर्म’ हा निबंध छापून आला. बाजारात प्रत्येक सौदा ठरवायलाही खर्च येतो. तो जिथे जड होतो तिथे माणसं एका छपराखाली येतात. चाकण-भोसरीच्या पट्ट्यात कोणता सुटा भाग घरात बनवायचा आणि कोणता शेजारच्या शेडवाल्याकडून घ्यायचा, यावर आजही डोकेफोड चालते ती हीच. कोसला व्याख्या मिळाल्या नाहीत, प्रश्न मिळाला. तो मिळाला वाणिज्याच्या प्राध्यापकाकडून.

आणि इथे मला माझ्याच घराकडे वळावं लागतं. आम्ही प्रश्न दिला नाही, व्याख्या दिल्या. वाणिज्याचं अर्थशास्त्र म्हणजे कला शाखेच्या अर्थशास्त्रात पाणी घालून केलेलं, असं एमएवाले नाक मुरडतात. आमची पुस्तकं पाहिली तर त्यांचं फारसं चुकत नाही. बीकॉम झालेल्या कोणालाही विचारा, मागणीच्या नियमाचा अपवाद म्हणून गिफेन वस्तू (महाग झाली तरी गरीब जास्त घेतो ती, पुस्तकात पाव) त्याला आठवते. गिफेनचा पाव त्याने उभ्या जन्मात विकलेला नसतो. पण लासलगावला कांद्याची आवक वाढली की भाव का कोसळतो, हे विचारलं की तो व्यापाऱ्यांना शिव्या घालतो. शंभर क्विंटल कांदा दोन हजारांनी गेला तर दोन लाख. एकशेवीस क्विंटल चौदाशेने गेला तर एक लाख अडुसष्ट हजार. कांदा स्वस्त झाला म्हणून कोणी दुप्पट खात नाही, एवढंच त्यामागे आहे. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली आणि मे २०२४ मध्ये उठली, तेव्हा त्या काळातले भाव फळ्यावर लिहून किती वर्गांत हा धडा शिकवला गेला?

प्रश्नपत्रिकेत ‘लवचिकतेचे प्रकार स्पष्ट करा’ऐवजी असं विचारता येतं: १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मं तिकीट झालं. गाडी तशीही धावणार होती आणि जागा रिकाम्या होत्या, तर एका जादा प्रवाशाचा महामंडळाला खर्च किती? गर्दीमुळे जादा गाडी सोडावी लागली, तर किती? राहिलेलं निम्मं भाडं सरकार भरतं, हे धरल्यावर उत्तर बदलतं का? याला गाइडमध्ये उत्तर नाही, आणि ज्या मुली रोज त्याच गाडीने येतात त्या ते अर्ध्या तासात काढतील.

‘इतर परिस्थिती कायम असताना’ हे आमच्या विषयाचं पालुपद. पोरं त्याची टर उडवतात. सर, इतर परिस्थिती कधी कायम असते का हो? नसते. म्हणून तर कोणती गोष्ट हलली आणि कोणती आपण हलत नाही असं धरलं, ते आधी सांगून टाकायचं असतं.

त्या किराणा दुकानाचं सांगायचं राहिलं. मुलाने तो कागद घरी नेला आणि वडिलांना सांगितलं, बाबा, आपण वर्षाला चौतीस हजारांच्या तोट्यात आहोत. वडिलांनी चष्मा लावून ओळ न् ओळ वाचली. मग विचारलं, “माझे पंधरा हजार धरलेस ते कुठले? या वयात मला गल्ल्यावर कोण बसवून घेणार आहे?”

दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर मुलगा तो कागद घेऊन माझ्या टेबलापाशी आला. एक लाख ऐंशी हजारांची ओळ त्याने खोडली होती आणि खाली नवा आकडा लिहिला होता: नफा, एक लाख सेहेचाळीस हजार. “सर,” तो म्हणाला, “बाबांचं बरोबर आहे ना?”