चिपची सुरक्षितता मक्तेदारांच्या हवाली करता येणार नाही

अर्धसंवाहक चिप ही आता केवळ संगणकापुरती राहिलेली नाही. रेल्वेचे सिग्नल, विजेचे जाळे, बँकांचे व्यवहार, रुग्णालयातील उपकरणे, मोटारीचे ब्रेक आणि नागरिकाचे ओळखपत्र या सर्वांचा कारभार नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यावर चालतो. केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये या उद्योगासाठी ७६,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केली, तेव्हा स्वावलंबनाचे आणि देशाच्या सुरक्षिततेचे कारण पुढे केले. कारण रास्त आहे. परंतु चिप देशाच्या भूमीवर तयार झाली, एवढ्याने ती सुरक्षित होते काय?

मोटारीच्या ब्रेकवर नियंत्रण ठेवणाऱ्या चिपमध्ये एकच काम एकाच वेळी करणारे दोन गाभे बसवतात. दोघांची उत्तरे जुळली नाहीत, तर यंत्रणा सावध होते. अचानक उद्भवणाऱ्या बिघाडावर हा उपाय चांगला आहे. परंतु मूळ आराखड्यातच चूक असेल, तर दोन्ही गाभे एकमताने तीच चूक करतील. म्हणजे सुरक्षिततेचा प्रश्न अखेर आराखड्यापाशी येऊन थांबतो. तो कोण करतो, कोणत्या हेतूने करतो आणि तो तपासण्याचा अधिकार कोणाला आहे, हे खरे प्रश्न आहेत.

३ जानेवारी २०१८ रोजी ‘मेल्टडाऊन’ आणि ‘स्पेक्टर’ हे दोन दोष जगजाहीर झाले. प्रोसेसरचा वेग वाढावा म्हणून पुढची आज्ञा कोणती येईल याचा अंदाज बांधून काम आधीच उरकून ठेवण्याची पद्धत चिपनिर्मात्यांनी स्वीकारली होती. अंदाज चुकला की ते काम रद्द होई; परंतु त्याच्या खुणा चिपमधील जलद स्मृतीत मागे राहत आणि त्यांवरून दुसऱ्याची गुपिते वाचता येत. त्याआधीच्या सुमारे दोन दशकांतील जवळजवळ सर्व इंटेल प्रोसेसर ‘मेल्टडाऊन’च्या कक्षेत आले, ‘स्पेक्टर’ने इतर कंपन्यांनाही सोडले नाही. इंटेलला हे दोष जून २०१७ मध्येच कळवण्यात आले होते. तरीही बातमी फुटेपर्यंत कंपनीने अमेरिकी सरकारच्या संगणक-सुरक्षा विभागाला त्यांची खबर दिली नव्हती. मक्तेदारी भांडवल आपल्या मायदेशाच्या सरकारलाही कोणत्या रांगेत उभे करते, ते यावरून दिसते.

दुसरे उदाहरण एस्टोनियाचे. तेथील नागरिकांच्या ओळखपत्रांत इन्फिनिऑन कंपनीची चिप होती. तिला सुरक्षिततेची मान्यवर प्रमाणपत्रेही मिळालेली होती. परंतु वेळ वाचवण्यासाठी या कंपनीच्या आज्ञावलीत गुप्त किल्ली ठराविक साच्यातल्या संख्यांपासून बनवली जात होती. त्यामुळे उघड किल्लीवरून गुप्त किल्ली शोधणे शक्य झाले. चेक प्रजासत्ताकातील ब्र्नो येथील मासारिक विद्यापीठाच्या संशोधकांनी हा दोष २०१७ मध्ये उजेडात आणला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एस्टोनियाला सुमारे साडेसात लाख ओळखपत्रांची प्रमाणपत्रे स्थगित करावी लागली. बंद दाराआड झालेल्या तपासणीतून जी चूक सुटली, ती सार्वजनिक विद्यापीठाच्या अभ्यासातून सापडली, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे.

हे दोष चुकून राहिले. जेथे दोष हेतुपुरस्सर ठेवला जातो तेथे काय घडते, तेही जगाने पाहिले आहे. स्वित्झर्लंडची क्रिप्टो एजी ही कंपनी अनेक देशांच्या सरकारांना गुप्तलेखनाची यंत्रे विकत असे. १९७० पासून तिची मालकी गुपचूपपणे अमेरिकेच्या सीआयएकडे आणि पश्चिम जर्मनीच्या गुप्तहेर खात्याकडे होती, हे फेब्रुवारी २०२० मध्ये उघडकीस आले. तिच्या ग्राहकांत भारतही होता. तटस्थ देशाचा शिक्का आणि विक्रेत्याचा शब्द यांवर विसंबणाऱ्या सरकारांचे संदेश साम्राज्यवादी शक्ती वर्षानुवर्षे वाचत होत्या.

यावर असा युक्तिवाद केला जातो की, आराखडा खुला केला तर शत्रूचेच फावेल. या युक्तिवादाचे उत्तर ऑग्युस्त केर्कहोफ यांनी १८८३ मध्येच देऊन ठेवले आहे. यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी धोका होऊ नये. गुप्त राहायची ती फक्त किल्ली. आराखड्याच्या गुप्ततेने नागरिकाचे रक्षण होत नाही, रक्षण होते ते कंपनीच्या मालमत्तेचे.

या कसोटीवर सरकारी धोरण पाहावे. जून २०२३ मध्ये मायक्रॉन कंपनीचा साणंद येथील प्रकल्प जाहीर झाला. एकूण खर्च २७५ कोटी डॉलर. त्यातील ५० टक्के केंद्र सरकारचे व २० टक्के गुजरात सरकारचे साहाय्य. म्हणजे दहापैकी सात रुपये जनतेचे आणि मालकी मात्र कंपनीची. तेथील काम आहे चिप बांधण्याचे व तपासण्याचे. आराखड्यावरचा अधिकार त्यातून देशाला मिळत नाही. जगातील सुमारे २० टक्के चिप-आराखडाकार भारतात आहेत, असे सरकारच सांगते. परंतु त्यांतील बहुतेकांच्या श्रमाचे फळ परदेशी कंपन्यांच्या नावावर जमा होते. आराखडा काढण्याची संगणकीय साधनेही मुख्यतः तीन कंपन्यांच्या मुठीत आहेत. मे २०२५ मध्ये अमेरिकेने चीनला ती विकण्यावर निर्बंध घातले आणि जुलैमध्ये उठवले. ज्या साधनाची कळ दुसऱ्याच्या हाती, त्यावर उभारलेले स्वावलंबन किती टिकेल?

वेगळा मार्ग नाही असे नाही. २०१० मध्ये बर्कली विद्यापीठात सुरू झालेली ‘रिस्क-फाइव्ह’ ही खुली आज्ञासंहिता कोणीही परवान्याविना वापरू शकतो. तिच्या आधारे मद्रासच्या आयआयटीने ‘शक्ती’ प्रोसेसर घडवले. त्यांतील पहिली चिप २०१८ मध्ये इंटेलच्या अमेरिकेतील कारखान्यात बनवून घ्यावी लागली. परंतु त्याच वर्षी दुसरी चिप मोहालीच्या सरकारी प्रयोगशाळेत १८० नॅनोमीटर तंत्राने तयार झाली. हे तंत्र जुने आहे, हे मान्य केले पाहिजे. आज्ञासंहिता खुली आहे एवढ्याने प्रत्येक चिप निर्दोष ठरत नाही, हेही खरे. परंतु आराखडा खुला असला तर दोष शोधण्याचा व दुरुस्त करण्याचा अधिकार आपल्या हाती राहतो. मोहालीचा हाच कारखाना १९८९ च्या आगीत भस्मसात झाला. तो पुन्हा उभा राहिला, पण जगाच्या पुढच्या पिढ्यांशी बरोबरी करण्याइतके भांडवल त्याला कधीच मिळाले नाही. सार्वजनिक क्षेत्र मागे पडले म्हणणाऱ्यांनी त्याला मागे कोणी ठेवले, हेही सांगावे.

म्हणून मागण्या स्पष्ट आहेत. ज्या प्रकल्पात जनतेचा पैसा आहे, त्यात जनतेची भागीदारी असली पाहिजे. रेल्वे, वीज, बँका व ओळखपत्रे यांत वापरावयाच्या चिपचे आराखडे सार्वजनिक विद्यापीठांच्या तपासणीस खुले असले पाहिजेत. मोहालीच्या आधुनिकीकरणास व खुल्या आराखड्याच्या कार्यास खाजगी कंपन्यांच्या अनुदानाआधी पैसा मिळाला पाहिजे. ज्या यंत्रावर कोट्यवधी लोकांचे जीवन अवलंबून आहे, ते उघडून पाहण्याचा हक्क त्या लोकांना नसेल, तर सुरक्षिततेची सारी भाषा म्हणजे विक्रेत्याचे आश्वासन होय. आणि त्या आश्वासनाची किंमत भारताने एकदा मोजलेली आहे.