खडकवासल्याचे दार आणि तिथवरची वाट

३० मे २०२५ रोजी खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून १७ मुली दीक्षान्त संचलन करून बाहेर पडल्या. प्रबोधिनीच्या इतिहासातील ही पहिलीच घटना. हा बदल शासनाच्या उदारतेतून आलेला नव्हता. १८ ऑगस्ट २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुलींना प्रवेश परीक्षेस बसू देण्याचा अंतरिम आदेश दिला आणि पुढल्याच वर्षी मुलींची पहिली तुकडी दाखल झाली. प्रबोधिनीच्या स्थापनेपासून सात दशके जे दार निम्म्या समाजाला बंद होते, ते अशा रीतीने उघडले. या घटनेचे स्वागत सर्वांनी केले व ते योग्यच होते. तथापि दार उघडणे ही एक गोष्ट आणि त्या दारापर्यंत पोहोचण्याची वाट असणे ही दुसरी. पहिल्या गोष्टीची चर्चा पुष्कळ झाली. दुसरीविषयी मात्र सार्वत्रिक मौन आहे.

सैन्यातील अधिकारपद कोणाला मिळावे, हा प्रश्न आपल्या देशात केवळ सैनिकी प्रश्न कधीच नव्हता. इंग्रजी अमदानीत हिंदी माणसाने शिपाई म्हणून लढावे, फार तर सुभेदार व्हावे, आणि हुकूम मात्र इंग्रजाने द्यावा, अशी वाटणी होती. त्या शिपाईगिरीतही ‘लढाऊ जाती’ची चाळणी लावली गेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात महारांची भरती बंद झाली. ज्यांच्या कित्येक पिढ्या फौजेत गेल्या, त्यांना एका हुकुमाने अपात्र ठरवण्यात आले. डॉ. आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ फौजेत सुभेदार होते. त्या घराण्याला लष्करी नोकरीतून जे शिक्षण व जो आत्मसन्मान लाभला, त्याची वाटच पुढल्या पिढीपुरती बुजवली गेली. महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ मध्ये, दुसऱ्या महायुद्धाची निकड भासू लागल्यावर.

अधिकारपदाची कथा याहून वेगळी नाही. १९१८ पासून सँडहर्स्टच्या विद्यालयात हिंदी तरुणांसाठी वर्षाला दहा जागा ठेवण्यात आल्या. त्या घेण्यासाठी विलायतेचा खर्च झेपावा लागे आणि साहेबाची शिफारस असावी लागे. त्यामुळे तेथे संस्थानिकांची, जमीनदारांची व सरकारनिष्ठ घराण्यांची मुले जात. १९२५ साली नेमलेल्या स्कीन समितीने हिंदुस्थानातच असे विद्यालय काढण्याची शिफारस केली. त्या समितीवर मोतीलाल नेहरू आणि जिना हे दोघेही होते. अखेर १९३२ मध्ये देहराडूनला लष्करी प्रबोधिनी सुरू झाली. म्हणजे शिपाई दीडशे वर्षे चालला, पण अधिकारी चालवून घ्यायला राज्यकर्त्यांना विसावे शतक बरेच उलटावे लागले.

खडकवासल्याच्या प्रबोधिनीचा जन्म या पार्श्वभूमीवर पाहिला पाहिजे. १९४१ मध्ये पूर्व आफ्रिकेतील मोहिमेत हिंदी पलटणींनी इटालियन फौजांशी झुंज दिली. केरेनच्या डोंगरांवरील लढाईत मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणीही होत्या. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर या भागांतील शेतकऱ्यांची मुले त्या उघड्या कड्यांवर चढली आणि त्यांतील कित्येक परत आली नाहीत. या बलिदानाची कृतज्ञता म्हणून सुदानच्या सरकारने हिंदी सैनिकांच्या स्मारकासाठी एक लाख पौंड दिले. फाळणीनंतर त्यांतील सत्तर हजार पौंड भारताच्या वाट्याला आले आणि ती रक्कम प्रबोधिनीच्या उभारणीत पडली. प्रबोधिनीची मुख्य इमारत ‘सुदान ब्लॉक’ या नावाने ओळखली जाते, ती यामुळेच. अधिकारी घडवणाऱ्या संस्थेच्या पायात पडलेला हा पैसा अधिकाऱ्यांचा नव्हे. तो जवानांच्या रक्ताचा मोबदला आहे. या संस्थेवर पहिला नैतिक हक्क कोणाचा, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

सरसेनापती ऑकिनलेक यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४६ च्या डिसेंबरात अहवाल दिला. भूदल, नौदल व हवाईदल या तिन्ही दलांच्या भावी अधिकाऱ्यांनी आरंभीची वर्षे एकत्र शिकावे, ही त्यातील मध्यवर्ती कल्पना होती. जगात तोवर दलागणिक वेगळ्या संस्थांचीच वहिवाट होती. १ जानेवारी १९४९ रोजी देहराडूनला संयुक्त शाखा सुरू झाली. त्याच वर्षी ६ ऑक्टोबरला पंडित नेहरूंनी खडकवासल्यास कोनशिला बसवली. तलाव, सभोवतालचे डोंगर, लोहगावचा विमानतळ आणि मुंबईची जवळीक पाहून ही जागा निवडली गेली. तत्कालीन मुंबई राज्याने त्यासाठी ८,०२२ एकर जमीन दिली. १९५४ च्या डिसेंबरात प्रबोधिनी तेथे नांदू लागली आणि १६ जानेवारी १९५५ रोजी तिचे रीतसर उद्‌घाटन झाले. कंगाल, नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशाने आणि एका प्रांताने ही गुंतवणूक केली. प्रशिक्षण, निवास, भोजन हे सारे शासनाच्या खर्चाने व्हावे असे ठरले. अधिकारपद बापाच्या ऐपतीवर अवलंबून असू नये, हा त्यामागचा प्रजासत्ताकाचा विचार होता.

सुदान ब्लॉकचे उद्‌घाटन ३० मे १९५९ रोजी सुदानच्या राजदूतांच्या हस्ते झाले. या तारखेत एक विलक्षण बोध आहे. त्याच्या सहाच महिने आधी, नोव्हेंबर १९५८ मध्ये, खुद्द सुदानमध्ये जनरल अब्बूद यांनी सत्ता हाती घेतली होती. त्याच्या आधल्याच महिन्यात पाकिस्तानातही लष्करी राजवट आली होती. तिन्ही देशांच्या फौजा इंग्रजी परंपरेतच वाढलेल्या होत्या. कवायत तीच, गणवेशही जवळपास तोच. तरी एका देशात लष्कर नागरी सत्तेच्या आज्ञेत राहिले आणि इतरत्र राहिले नाही. याचे श्रेय एकट्या प्रबोधिनीला देता येणार नाही. संसद, निवडणुका, पक्ष आणि वृत्तपत्रे यांचा वाटा मोठा आहे. परंतु अधिकाऱ्यांचा वर्ग एकाच प्रांतातून, एकाच जातिसमूहातून वा एकाच आर्थिक थरातून येऊ लागला, तर लष्कर समाजापासून तुटते, हा धडा शेजारच्या इतिहासात स्पष्ट लिहिलेला आहे. म्हणून प्रबोधिनीत कोण जातो, हा प्रश्न लोकशाहीच्या आरोग्याचा आहे.

आता हा प्रश्न खडकवासल्याहून उचलून बदलापूरच्या मांजर्लीत आणून ठेवावा. मांजर्लीहून पुणे रेल्वेने सुमारे सव्वाशे किलोमीटर, म्हणजे फार दूर नाही. शिवाय उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्याचे सैन्याशी नाते जुने आहे. उल्हासनगर ही मुळात महायुद्धकाळातील लष्करी छावणी. फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधी निर्वासितांचे संसार उभे राहिले आणि १९४९ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. तेथील वस्त्या आजही ‘कॅम्प’च्या क्रमांकांनी ओळखल्या जातात. अंबरनाथला संरक्षण खात्याचे आयुध निर्माणीचे कारखाने आले. त्यांत खपणारा कामगारवर्ग याच परिसरात स्थिरावला. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ बरखास्त झाले आणि हे कारखाने कंपन्यांच्या स्वाधीन झाले. लष्कराची सामग्री घडवणारे हात येथे आहेत. त्या हातांच्या मुलांना लष्कराचे नेतृत्व करण्याची संधी कितपत आहे, हे पाहू.

कागदोपत्री संधी सर्वांना आहे. केंद्रीय लोकसेवा आयोग वर्षातून दोनदा परीक्षा घेतो. बारावीच्या वर्गातील विद्यार्थी तिला बसू शकतो. गणिताला ३०० गुण, सामान्य क्षमतेला ६००, आणि लेखी परीक्षेनंतर निवड मंडळाच्या चाचण्या व मुलाखतीला ९००. सामान्य क्षमतेतील २०० गुण इंग्रजीचे. उरलेल्या प्रश्नपत्रिका हिंदी व इंग्रजीत. नगरपालिकेच्या शाळेत मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलीला परक्या परिभाषेतील गणित मिनिटा-मिनिटाच्या हिशेबाने सोडवावे लागते. नंतर निवड मंडळापुढे पाच दिवस जावे लागते. तेथे मानसशास्त्रीय चाचण्या, गटचर्चा, मैदानावरील सामूहिक कामे आणि मुलाखत असते. वशिला व घराणे यांच्याऐवजी गुण पारखावेत, या हेतूने ही पद्धत महायुद्धकाळात आली आणि तिचा तो हेतू उत्तम आहे. परंतु ज्या मुलाने आयुष्यात कधी गटचर्चा पाहिली नाही, ज्याच्या शाळेला मैदान नाही, ज्याला अनोळखी वडीलधाऱ्यांपुढे इंग्रजीत स्वतःविषयी बोलण्याची सवय नाही, त्याचे अंगभूत नेतृत्व त्या पाच दिवसांत दिसावे कसे?

ही उणीव भरून काढण्यासाठी आज शिकवणीवर्गांचा बाजार उभा राहिला आहे. जे कौशल्य शाळेने द्यावयाचे, ते तेथे पैसे मोजून विकत मिळते. परिणामी प्रशिक्षण सरकारी खर्चाने, पण प्रशिक्षणापर्यंतचा प्रवास खाजगी खर्चाने, अशी अर्थव्यवस्था तयार झाली आहे. अर्थशास्त्राच्या भाषेत, सार्वजनिक गुंतवणुकीचा लाभ ज्यांच्याजवळ आधीच भांडवल आहे त्यांच्याकडे वळतो.

याच वयाच्या मुलापुढे दुसरेही एक दार आहे. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेत साडेसतरा वर्षांचा मुलगा चार वर्षांसाठी भरती होतो. पहिल्या वर्षापासून त्याच्या नावे महिना तीस हजार रुपये लागतात. चार वर्षांनी त्यांतील पंचवीस टक्क्यांपर्यंत मुले कायम होतात, बाकीची परत येतात. उलट प्रबोधिनीतील तीन वर्षांत पगार नाही, वरखर्चही घरून अपेक्षित. ज्या घराची चूल मुलाच्या पहिल्या कमाईची वाट पाहत आहे, ते घर कोणते दार निवडील? ही निवड मुलाच्या गुणवत्तेने होत नाही, घरच्या गरजेने होते. फौजेतील जवानाला पुढे अधिकारी होण्याचा मार्ग आर्मी कॅडेट कॉलेजातून आहे हे खरे, पण ती वाट अरुंद आहे.

ही विषमता महाराष्ट्राच्या धुरीणांना पूर्वी दिसत नव्हती असे नाही. देशातील पहिली सैनिक शाळा १९६१ च्या जूनमध्ये साताऱ्यास निघाली. राज्य शासनाने १९७७ मध्ये औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, सेवापूर्व शिक्षणाची संस्था काढली. दहावीनंतरच्या निवडक मुलांना ती दोन वर्षे शासकीय खर्चाने प्रबोधिनीसाठी तयार करते. पुढे मुलींसाठी नाशिकला अशीच संस्था निघाली. या संस्थांनी साधारण घरांतील मुलांना खडकवासल्यापर्यंत नेले आहे. परंतु सव्वाअकरा कोटींहून अधिक लोकसंख्येच्या राज्यात वर्षाला साठेक मुलांची एक संस्था म्हणजे समुद्रात ओंजळ. दरम्यान सैनिक शाळांची फी वर्षाला लाखापुढे गेली. २०२१ मध्ये केंद्राने खाजगी व स्वयंसेवी संस्थांच्या भागीदारीत शंभर नव्या सैनिक शाळांचा निर्णय घेतला. यात दुहेरी धोका आहे. एक फीचा. दुसरा विचारांचा. नाशिकची भोसला सैनिकी शाळा काढणारे डॉ. मुंजे १९३१ मध्ये मुसोलिनीला भेटून आले होते आणि तेथील सैनिकी शिक्षणाने प्रभावित झाले होते, हा इतिहास महाराष्ट्राने विसरू नये. खडकवासल्याच्या भोजनगृहात सर्व धर्मांची मुले एका पंगतीला बसतात. त्या पंगतीची तयारी पंथनिष्ठ संस्थांवर सोपवणे सर्वथा अनुचित होय.

यावर एक आक्षेप हमखास येतो. रणांगणावर गुणवत्तेशी तडजोड चालत नाही, असे म्हटले जाते. हे विधान खरे आहे आणि त्याचा विपर्यास करण्याचे कारण नाही. येथे कसोटी सैल करण्याची मागणीच नाही. कसोटीपर्यंत येणाऱ्यांचे क्षेत्र विस्तारावे, एवढीच मागणी आहे. मुलींच्या प्रवेशाआधीही हाच आक्षेप होता. निवड तीच राहिली, परीक्षा तीच राहिली, आणि मुलींनी ती पार केली. जे क्षेत्र पैशामुळे आकुंचित झाले आहे, ते विस्तारल्याने गुणवत्ता घटत नाही, वाढते.

आणखी एक गोष्ट कामगार कुटुंबांच्या दृष्टीने महत्त्वाची. प्रशिक्षणात गंभीर इजा होऊन ज्या कॅडेटला बाहेर पडावे लागते, त्याला माजी सैनिकाचा दर्जा मिळत नाही, कारण तो अद्याप अधिकारी झालेला नसतो. त्याच्या हाती पेन्शन पडत नाही, सानुग्रह रक्कम पडते. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या मुलांच्या स्थितीची स्वतःहून दखल घेतली. त्यानंतर माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेची सोय त्यांना लागू झाली. पण मूळ दर्जाचा प्रश्न तेवढ्याने मिटत नाही. सधन घर अशा आघातातून सावरते. कारखान्यातील फिटरचे घर सावरत नाही. देशासाठी घेतलेल्या जोखमीची किंमत एकट्या कुटुंबाने मोजावी, हा न्याय नव्हे.

कार्यकर्त्यांनी या विषयाकडे ‘लष्कराचा प्रश्न, आपला नव्हे’ म्हणून पाठ फिरवू नये. मागण्या साध्या आहेत. संभाजीनगरसारखी निःशुल्क संस्था प्रत्येक महसुली विभागात असावी. नगरपालिका व जिल्हा परिषदांच्या शाळांत आठवीपासून गणित, इंग्रजी संभाषण आणि मैदान यांची तरतूद व्हावी. प्रश्नपत्रिका मराठीसह भारतीय भाषांत मिळाव्यात. जखमी कॅडेटला हक्काचे निवृत्तिवेतन मिळावे. यांतील पहिल्या दोन मागण्या तर आमदार आणि नगरसेवक यांच्याच दारात नेण्याजोग्या आहेत.

केरेनच्या कड्यावर पडलेल्या शिपायाला अधिकारी होण्याची वाट फार अरुंद होती. त्याच्या नावाने आलेल्या पैशातून जी वास्तू उभी राहिली, तिच्या पायऱ्या मांजर्लीच्या मुलाला किंवा मुलीला केवळ घरात पैसा नाही म्हणून चढता येऊ नयेत, तर ते ऋण अजून फिटलेले नाही.