टेबलापलीकडे कोण उभे होते?

प्रति,
मा. अध्यक्ष,
राष्ट्रीय वैद्यकीय आयोग, नवी दिल्ली

महोदय,

हृदय शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी संमतीपत्रावर सही करताना नातेवाईक हमखास विचारतात, "ऑपरेशन मोठे सरच करणार ना?" रजिस्ट्रार म्हणतो, "सर असतीलच." उत्तर खोटे नसते, फक्त ते विचारलेल्या प्रश्नाचे नसते.

सर असतातच. पण शिकवणाऱ्या रुग्णालयात बायपासच्या वेळी पायातली शीर काढणे, छातीचे हाड उघडणे, रुग्णाला हार्ट-लंग मशीनवर घेणे ही कामे एकेक करून शिकाऊ शल्यविशारदाच्या हाती जातात. सर्वांत शेवटी त्याच्या वाट्याला येतो तो दीड-दोन मिलिमीटरच्या धमनीला ती शीर शिवण्याचा टप्पा. तेव्हा सर टेबलापलीकडे, सहायकाच्या जागी उभे असतात. टाका चुकीच्या जागी पडतोय असे दिसले की हात पुढे करतात, गरज पडली तर सुई आपल्याकडे घेतात.

यात रुग्णाचे नुकसान होते का, या प्रश्नाचे उत्तर शोधायला इंग्लंडमधल्या ब्रिस्टलइतके चांगले गाव नाही.

ब्रिस्टल रॉयल इन्फर्मरीत लहान मुलांच्या हृदय शस्त्रक्रियांमध्ये मृत्यू जास्त होत होते. 1988 साली तिथे रुजू झालेले भूलतज्ज्ञ स्टीफन बोल्सिन यांनी आकडे जमवले, वरिष्ठांना सांगितले. फार कोणी ऐकले नाही. अखेर इयन केनेडी यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली. 1991 ते 1995 या काळात वर्षाच्या आतली 30 ते 35 बालके अपेक्षेपेक्षा जास्त दगावली, असे 2001 च्या अहवालाने नोंदवले. ज्यांच्यावर ठपका आला ते शल्यविशारद शिकाऊ नव्हते, कन्सल्टंट होते. नवजात बाळाच्या उलट्या जोडल्या गेलेल्या महाधमन्या जागेवर आणण्याच्या शस्त्रक्रियेत तेही एका अर्थाने विद्यार्थीच होते. फरक एवढाच की त्यांच्या समोर थांबवणारे कोणी उभे नव्हते.

आणि त्याच 2001 साली, त्याच ब्रिस्टलमधून, हृदय शल्यविशारद जानी अँजेलिनी यांच्या चमूचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रौढांची बायपास, तीही धडधडत्या हृदयावर, देखरेखीखाली शिकाऊंना सुरक्षितपणे शिकवता येते, हा त्याचा निष्कर्ष. इतर केंद्रांतल्या बहुतेक अभ्यासांचा सूरही असाच आहे: शिकाऊला मिनिटे जास्त लागतात, मृत्यू वाढलेले दिसत नाहीत.

इथे एक मेख आहे. सर शिकाऊला सोपी केस देतात. सत्तरीचा, मूत्रपिंडे थकलेला, दुसऱ्यांदा छाती उघडावी लागणारा रुग्ण स्वतःकडे ठेवतात. तेव्हा नुसती टक्केवारी शेजारी मांडली तर शिकाऊ सरांपेक्षा सरस ठरायचा! म्हणून युरोस्कोरसारख्या मोजपट्टीने रुग्णाची आधीची जोखीम हिशेबात घ्यावी लागते. ब्रिटनच्या राष्ट्रीय नोंदणीत जबाबदार कन्सल्टंट कोण आणि प्रत्यक्ष शस्त्रक्रिया केली कोणी, या दोन वेगळ्या नोंदी असतात. तिथे नावानिशी निकाल जाहीर होऊ लागल्यावर आपला आकडा बिघडेल या धास्तीने वरिष्ठ शिकाऊंच्या हाती सुई देईनात, अशी तक्रारही झाली. तिच्यात तथ्य आहे. पण त्यावर उपाय नोंद नीट करणे हाच. नोंद टाळणे नव्हे.

आपल्याकडे एम.एस. नंतर तीन वर्षांचे एम.सीएच. असते, लॉगबुक असते. त्यात शिकाऊने किती शस्त्रक्रिया पाहिल्या, किती केल्या हे येते. त्या रुग्णांचे पुढे काय झाले, हे मात्र सामान्य माणसाला वाचता येईल अशा स्वरूपात देशपातळीवर कुठेच मांडलेले नसते. ज्या देशात 1968 सालीच शल्यविशारद पी. के. सेन यांनी मुंबईच्या केईएम रुग्णालयात हृदय प्रत्यारोपण केले, तिथे ही गोष्ट खटकते.

आयोगाने लॉगबुकात आणखी तीन रकाने घालावेत: रुग्णाची जोखीम, टेबलापलीकडे कोण उभे होते, आणि तीस दिवसांनी रुग्ण कसा होता. रुग्णाचे नाव वगळून हे आकडे दरवर्षी प्रसिद्ध करावेत. संमतीपत्रावरही स्पष्ट लिहावे: हात कोणाचा, देखरेख कोणाची. एम.सीएच.च्या पुढच्या तुकडीपासून हे सुरू व्हावे, ही विनंती.

कळावे,
शिकवणाऱ्या रुग्णालयांवर विसंबून असलेला एक नागरिक