जुना टेंपो आणि नवा हप्ता

सकाळी नऊच्या सुमारास साकीनाक्यावर, जोगेश्वरीजवळच्या ओशिवरा फर्निचर बाजारात किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर उभे राहून पाहावे. सोफ्याचे सांगाडे, बेकरीचे ट्रे, कपड्यांचे गठ्ठे, ॲल्युमिनियमचे सेक्शन, भंगारातल्या मोटारी, मंडपाचे बांबू. हा सारा माल ज्या गाड्यांतून निघतो त्यांतील बऱ्याच गाड्यांनी दहा-पंधरा पावसाळे पाहिलेले आहेत. दरवाजाचा पत्रा दोनदा बदललेला, फाळका वेल्डिंग करून जोडलेला, मूळ रंग कोणता हे मालकालाही आठवत नाही. पण चावी फिरवली की गाडी सुरू होते आणि माल घेऊन निघते.

या गाडीचे करायचे काय, हा प्रश्न आमच्या अनेक व्यापारी आणि कारागीर बांधवांसमोर आज आहे. शोरूमचा माणूस म्हणतो विका, फायनान्सवाला म्हणतो विका, घरातला शिकलेला मुलगाही म्हणतो, "अब्बा, आता नवी घेऊ या." आमचे मत आधीच सांगून टाकतो. ज्याची जुनी गाडी धडधाकट आहे, कागद साफ आहेत आणि ज्याच्या फेऱ्या जवळच्या आहेत, त्याने घाई करू नये. जो रोज वाशी, भिवंडी, वसई असे दीडशे किलोमीटर पळतो त्याचा हिशेब वेगळा. त्याला डिझेलची बचत आणि वेळेची हमी हवी. महामार्गावर गाडी बंद पडली तर क्रेनचे भाडे आणि गेलेले गिऱ्हाईक मिळून वर्षभराची दुरुस्ती वसूल होते.

उपनगरांचे आणि या गाड्यांचे नाते जुने आहे. 'टेंपो' हा शब्द आपण सर्व छोट्या मालगाड्यांना लावतो, पण ते मुळात जर्मनीतील एका कंपनीच्या गाडीचे नाव. डालड्यासारखेच झाले. बजाज टेंपोच्या तीनचाकी गाड्या १९५० च्या दशकात आपल्या गोरेगावात तयार होत होत्या. पुढे कारखाना पुण्याजवळ आकुर्डीला गेला. मॅटाडोर त्याच घरची. कांदिवलीच्या कारखान्यातून जीप निघाल्या, त्या महिंद्र कंपनीचे १९४५ मधील पहिले नाव 'महिंद्र अँड मोहम्मद' होते. भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तेथील पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव बदलले. कुर्ल्यात प्रीमियरचा कारखाना होता. या कारखान्यांच्या आसपास लेथवाले, वेल्डर, डेंटर, रंगारी, पाटे बसवणारे असे जे मिस्त्री तयार झाले, त्यांत आपल्या समाजाचा वाटा मोठा आहे. जुनी गाडी टिकते ती लोखंडाने, तशीच या हातांनी.

१९८० च्या दशकात सरकारने छोट्या ट्रकसाठी जपानी सहकार्याला दार उघडले. डीसीएम टोयोटा, स्वराज माझदा, आयशर मित्सुबिशी आणि ऑल्विन निस्सान अशा चार गाड्या आल्या. चालवायला हलक्या, दिसायला देखण्या. पण येनचा भाव चढला, बाहेरून येणारे सुटे भाग महाग झाले, आणि १९८६ मध्ये टाटांनी पुण्यात बनवलेली ४०७ बाजारात उतरवली. पुढे टोयोटाचा कारखाना देवूच्या हाती गेला, ऑल्विन निस्सान महिंद्रमध्ये विलीन झाली. ४०७ मात्र नाक्यानाक्यावर दिसू लागली. ती जपानी गाड्यांपेक्षा आवाज अधिक करत होती, हे आम्हीही मान्य करतो. पण तिचा भाग संध्याकाळी सातलाही कोणत्या तरी दुकानात मिळे, आणि बसवणारा माणूस शेजारच्या गल्लीत असे. व्यापाऱ्याला याहून अधिक काय हवे?

२००५ मध्ये दोन सिलिंडरची, सातशे सीसीची टाटा एस आली. लोकांनी तिला 'छोटा हाथी' म्हटले. जेथे ४०७ वळत नव्हती त्या असल्फ्याच्या आणि बेहरामबागच्या गल्ल्यांत ती शिरली. पहिल्या खेपेच्या त्या गाड्या आज वीस वर्षांच्या झाल्या आहेत.

या गाड्या टिकण्यात जादू काही नाही. खाली शिडीसारखी जाड चासी, तिच्यावर स्वतंत्र केबिन आणि स्वतंत्र हौदा. हौदा सडला तर नवा बांधा, चासीला धक्का नाही. मागे पाट्यांचे सस्पेन्शन. एक पाटा तुटला तर तेवढाच बदलतो. जुन्या डिझेल इंजिनात पंप आणि नोझल यांचे काम सरळ यांत्रिक. लायनर, पिस्टन, रिंगा बदलून इंजिन पुन्हा उभे करता येते, आणि हे काम करायला संगणक जोडावा लागत नाही. १ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या भारत स्टेज सहाच्या गाड्यांचे तसे नाही. त्यांत सेन्सर आहेत, धूर स्वच्छ करणारी यंत्रणा आहे. हवेसाठी ते चांगलेच. पण मीटरवर दिवा लागला की आपला मिस्त्री हात वर करतो आणि गाडी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये न्यावी लागते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, कुर्ला-कालिना पाण्याखाली गेले. त्यानंतरच्या आठवड्यात आम्ही मिस्त्र्यांना रस्त्यावरच जुन्या टेंपोंचे ऑइल ओतून, टाकी रिकामी करून, नोझल पुसून गाड्या सुरू करताना पाहिले आहे. ज्यांच्या गाडीत वायरिंगचे जंजाळ अधिक, ते विमा कंपनीच्या सर्व्हेअरची वाट पाहत बसले होते.

आखातात राहून आलेल्या कोकणी बांधवांना हे नवे नाही. मस्कत, कुवेत, दुबईच्या बांधकामांवर टोयोटा आणि निस्सानच्या जुन्या पिकअप त्यांनी पाहिल्या आहेत. अमेरिकेत तर आता शेतकरी आणि कारागीर जपानमधून पंचवीस वर्षांहून जुने चिमुकले ट्रक मागवतात. त्यांच्याकडच्या नव्या पिकअप इतक्या मोठ्या आणि महाग झाल्या आहेत की अंगणातली माती वाहायला त्या परवडत नाहीत. पंचवीस वर्षे हाच आकडा का, तर त्याहून जुन्या गाडीला तेथील आयातीचे नियम शिथिल होतात. गरज सर्वत्र एकच आहे.

आता पैशाचा भाग. फर्निचर बनवणाऱ्याची गाडी दिवसात दोन फेऱ्या करते आणि उरलेला वेळ दुकानासमोर उभी असते. पावसाळ्यात, रमजानच्या शेवटच्या दिवसांत, कारीगर गावी गेल्यावर ती आठवडा-आठवडा हलत नाही. गाडी उभी राहू शकते, हप्ता उभा राहत नाही. जुनी गाडी रोख घेतलेली असेल तर मंदीचा महिना सहन होतो. आमच्या अनेक बांधवांना व्याजाचा व्यवहार धर्माने मान्य नाही. त्यांच्यासाठी तर जुनी गाडी हाच उघडा असलेला रस्ता आहे. आणि ज्यांना कर्ज चालते त्यांना तरी ते कोठे सहज मिळते? काही बँकांनी मुस्लिम वस्त्यांना 'निगेटिव्ह' विभाग ठरवल्याची नोंद सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात आहे. पत्ता ऐकूनच अर्ज बाजूला पडल्याचा अनुभव कुर्ला, जोगेश्वरी, गोवंडीकडच्या बांधवांना सांगावा लागत नाही. मग खासगी सावकारी फायनान्सकडून चढ्या दराने गाडी घ्यायची आणि दोन हप्ते चुकले की ओढून नेलेली पाहायची. हा मार्ग आम्ही कोणाला सुचवणार नाही.

दुसरी बाजू लपवणेही बरोबर नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्याच वर्षी जूनमध्ये टाटांनी एस प्रो ही साडेसातशे किलोची गाडी ३ लाख ९९ हजारांपासून बाजारात आणली. रोख रक्कम जवळ असेल आणि धंदा वर्षभर सारखा चालत असेल, तर नव्या गाडीचा विचार करायला हरकत नाही.

आणि धूर. जुने डिझेल इंजिन नव्यापेक्षा अधिक काळा धूर सोडते, यात वाद नाही. तो धूर दक्षिण मुंबईच्या साहेबांच्या आधी आपल्याच मुलांच्या छातीत जातो, कारण गाडी उभी आपल्या गल्लीत असते. १९९९ मध्ये धुराविरुद्ध याचिका झाली, त्यातून व्यावसायिक गाड्यांवर वयाचे आणि इंधनाचे निर्बंध आले, टॅक्सी-रिक्षा सीएनजीवर गेल्या. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पुढचे पाऊल टाकले. पेट्रोल-डिझेलच्या गाड्या हळूहळू बंद करून मुंबईत फक्त सीएनजी आणि विजेच्या गाड्या ठेवता येतील काय, हे तपासण्यास सांगितले, आणि राज्य सरकारने त्यासाठी समिती नेमली. दिल्लीत दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर २०१५ मध्ये हरित लवादाने बंदी घातली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. तेथे किती छोट्या मालकांच्या गाड्या कवडीमोलाने गेल्या ते पाहून येथे शहाणे व्हावे.

आमचे म्हणणे असे की मोजायचे ते वय नव्हे, धूर मोजावा. नोझल-पंप वेळेवर करून घेणारा पंधरा वर्षांचा टेंपो आणि हयगय केलेला आठ वर्षांचा टेंपो यांत दंड कोणाला व्हावा? बंदीच आणायची असेल तर आधी छोट्या मालकाला बदली गाडीसाठी बिनव्याजी मदत द्या. मौलाना आझाद महामंडळासारख्या संस्था आहेत कशासाठी? सीएनजीचे पंपही वाढवा. नोव्हेंबर २०२५ मध्ये गॅसवाहिनीला इजा झाली तेव्हा मुंबईच्या पंपांवर लागलेल्या रांगा आपण पाहिल्या. त्या दिवसांत डिझेलचे जुने टेंपोच भाजी वाहत होते.

आणखी एका गोष्टीकडे कोणाचे लक्ष नाही. २०२१ च्या भंगार धोरणानुसार गाडी मोडायची ती नोंदणीकृत केंद्रातच. तेथे मोठी जागा, यंत्रे, भांडवल लागते. कुर्ल्यात आज गाडी सुटी होते, तिचा गिअरबॉक्स एकाला, एक्सल दुसऱ्याला, दरवाजा तिसऱ्याला जातो. शेकडो घरे त्यावर चालतात आणि हजारो जुने टेंपो त्या भागांवर जगतात. मोडणीचे काम सारे मोठ्या केंद्रांत गेले तर गिअरबॉक्सचा चुरा होऊन भट्टीत जाईल. कुर्ल्याच्या व्यापाऱ्यांनी एकत्र येऊन, सहकारी तत्त्वावर का होईना, असे केंद्र काढण्याचा विचार आताच करावा.

कागदांची हयगय मात्र आम्हाला मान्य नाही. मालवाहू गाडीचे पासिंग आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी करावे लागते. एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील हलक्या गाडीच्या प्रमाणपत्राची फी साडेसात हजार झाली. नोव्हेंबर २०२५ मध्ये दर पुन्हा बदलले. आता वयाचा हिशेब दहा वर्षांपासून लागतो आणि वीस वर्षांवरील हलक्या गाडीची फी पंधरा हजारांवर गेली आहे. रक्कम जड आहे, तरी पासिंग चुकवून गाडी चालवू नये. अपघात झाला तर विमा कंपनी जखमीला पैसे देते आणि नंतर ते मालकाकडून वसूल करायला येते, अशी अनेक प्रकरणे झाली आहेत. एक दिलासाही सांगतो. साडेसात हजार किलोपर्यंतची मालगाडी चालवायला हलक्या वाहनाचा साधा परवाना पुरतो, असे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले.

जुनी गाडी घ्यायची तर रंगावर भाळू नये. दलाल रंग मारूनच आणतो. गाडीखाली शिरून चासी पाहावी. केबिनच्या मागे आणि मागच्या पाट्यांच्या जोडापाशी गंज आणि वेल्डिंग शोधावे. या शहराची खारी हवा तेथेच खाते. इंजिन थंड असताना सुरू करून पाहावे. निळा धूर म्हणजे ऑइल जळते, काळा म्हणजे पंप-नोझलचे काम. चालू इंजिनवर ऑइलचे झाकण काढल्यावर भपकारा येत असेल तर रिंगा गेल्या असे समजून भाव पाडावा. चासी नंबर स्वतः वाचावा. कर, पर्यावरण कर, थकलेली ई-चलने आणि फायनान्सचा बोजा पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नये. बाहेरच्या जिल्ह्याच्या पासिंगची गाडी असेल तर ती मुंबईत नावावर होईल की नाही हे आधी अंधेरी, बोरिवली किंवा वडाळ्याच्या आरटीओत विचारावे.

विकणाऱ्यांनीही ऐकावे. पैसे हाती आले, चावी दिली, म्हणजे सुटलो असे नाही. कागदावर नाव ज्याचे, अपघाताची भरपाई त्याच्याकडून, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल आहे. कोऱ्या फॉर्मवर सह्या करून गाडी दलालाकडे सोडण्याची आपल्याकडची रीत बंद झाली पाहिजे. नाव बदलल्याची नोंद डोळ्यांनी पाहीपर्यंत शेवटचे पाच-दहा हजार घेणाऱ्याकडेच ठेवावेत, म्हणजे तो स्वतःच आरटीओत घाईने जाईल.