किडेखाऊ झाड आणि वाळूची निवड



कीटकभक्षी झाड जैनाच्या घरात असावं की नसावं, यावर आमच्या स्वाध्याय गटात परवा चांगलीच चर्चा रंगली. निमित्त माझ्या नातीच्या कुंड्यांचं. तिच्याकडे ड्रॉसेरा आहे, म्हणजे आपल्या मराठीतलं दवबिंदू. सगळ्याजणी पानांवरच्या चिकट थेंबांबद्दल बोलल्या. कुंडीत काय भरलंय, हे एकीनंही विचारलं नाही. माझ्या मते या झाडाचा अर्धा निवाडा तिथेच, वाळूत होतो.

कारण सांगते. हे झाड आपलं अन्न इतर झाडांसारखंच उन्हावर तयार करतं. किडा लागतो तो नत्र आणि स्फुरदासाठी, कारण ते जिथे उगवतं तिथल्या मातीत ही दोन्ही जेमतेमच असतात. चार्ल्स डार्विनने १८७५ साली या झाडांवर अख्खं पुस्तक लिहिलं, त्याचा मोठा भाग या ड्रॉसेराच्याच जातीवर आहे. लांब कशाला, आपल्या साताऱ्याचं कास पठार घ्या. जांभ्या खडकावर मातीचा पातळ थर, आणि पावसाने त्यातलं सत्त्व धुऊन नेलेलं. तिथे दवबिंदूही असतो आणि सीतेची आसवंही. (तिथून उपटून आणायचा विचारही कुणी करू नये.) अशा झाडाला शेणखताच्या मातीत लावलं तर मुळं जळतात. गुलाबासाठी आपण जे जे करतो, ते ते इथे करायचं नाही. वाळूचं काम एवढंच की जागा धरायची, मुळांना हवा मिळू द्यायची आणि स्वतःचं काहीही पाण्यात सोडायचं नाही.

आता 'वाळू ती वाळू' म्हणून शेजारच्या बांधकामावरून घमेलंभर आणणाऱ्या पुष्कळ आहेत. त्या ढिगात सिमेंट, चुना, माती काय काय मिसळलेलं असतं. हल्ली मिळणारी क्रश सँड म्हणजे आपला काळा दगड फोडून केलेला चुरा. दख्खनच्या या दगडाच्या पोकळ्यांत पुष्कळदा चुन्याचे खडे असतात, आणि चुना या झाडांचा वैरी, कारण त्यांना आंबट माती लागते. समुद्राच्या वाळूत मीठ आणि शिंपल्यांचा चुरा. माशांच्या टाकीसाठी मिळणारी पांढरीशुभ्र कोरल सँड दिसायला देखणी, पण ती म्हणजे निव्वळ चुनाच. रंगीत खड्यांबद्दल तर बोलायलाच नको.

घ्यायची ती सिलिका वाळू, म्हणजे गारेची. पाणी गाळायच्या टाक्यांत आणि पोहण्याच्या तलावाच्या फिल्टरमध्ये हीच घालतात. आपल्याकडे सिंधुदुर्गात कासार्डे भागात तिच्या खाणी आहेत. दाणा साधारण एक-दोन मिलिमीटरचा, रव्यापेक्षा जाड असावा. पिठासारखी बारीक असेल तर ती पीट मॉसमध्ये घट्ट बसते आणि मुळं कुजतात. ड्रॉसेराला मी निम्मं पीट मॉस, निम्मी वाळू घालते. पीटऐवजी कोकोपीट वापरणार असाल तर त्यात क्षार असतात, चार-पाच पाण्यांतून काढल्याशिवाय कुंडीत घालू नका.

दुकानदार 'शुद्ध आहे' म्हणाला तरी परीक्षा आपण करायची. मी कॉमर्सची, ताळा जुळल्याशिवाय माझं समाधान होत नाही. सगळीकडे व्हिनेगर टाकून बघा असं सांगतात, पण आपल्यापैकी कित्येकींच्या घरात व्हिनेगर येत नाही. लिंबूसत्त्वाचं दाट पाणी चालतं. वाटीत चमचाभर वाळू घेऊन त्यावर ओतायचं, बुडबुडे आले की चुना आहे, वाळू परत. दुसरी परीक्षा क्षारांची. धुतलेली वाळू आरओच्या पाण्यात रात्रभर ठेवायची आणि टीडीएस मीटरने आधीचा आणि नंतरचा आकडा बघायचा. आकडा चांगलाच चढला तर ती वाळू तुळशीपाशी टाका. झाडाला घालायचं पाणीही ५० टीडीएसच्या आत असावं. घरच्या आरओमध्ये बरेचदा क्षार परत मिसळायची सोय असते, ते तपासून घ्या. आणि आरओचं वाया जाणारं पाणी काटकसर म्हणून इथे मुळीच घालू नका, सगळे क्षार त्यातच असतात.

आता धर्माचं. मच्छर मारायला म्हणून हे झाड विकत आणणं ही सरळसरळ संकल्पी हिंसा, तिला माझा विरोध आहे. पण घरात आलेल्या झाडावर चिलट आपणहून बसलं आणि मुलांनी चिमट्यात मुंगी धरून पानावर ठेवली, या दोन गोष्टी एक नाहीत. दुसरी म्हणजे कारित, करवून घेतलेली हिंसा, आणि टाळ्या वाजवणारी घरातली मंडळी अनुमोदनाची भागीदार. मुलं मुंग्या कधी शोधतात? झाड मरगळलं की. बहुतेक वेळा ते भुकेलेलं नसतंच, मुळं कुजलेली असतात. वाळू नीट असेल तर हाताने भरवल्याशिवाय झाड जगतं, थोडं सावकाश वाढतं इतकंच. आमच्याकडे भरवायचं नाही हा नियम आहे, आणि नातीने तो मान्य केलाय. शिवाय कुंडीत वरून बोटाच्या पेराएवढा कोरड्या वाळूचा थर दिला की चिलटं ओल्या पीटमध्ये अंडी घालायला फारशी येत नाहीत. म्हणजे मरणारे जीवही कमी.

एक मैत्रीण म्हणाली, वाळूसाठी खाण खणणं हेही पंधरा कर्मादानांतलं फोडीकर्मच की! बरोबर आहे. म्हणूनच नदीतून चोरून उपसलेली वाळू मला कुंडीतही नको. सिलिकाही खाणीतूनच येते, पण दोन कुंड्यांना चार वाट्या लागतात, आणि ती झिजत नाही की कुजत नाही. कुंडी बदलताना जुनी वाळू चाळून, गाळलेल्या पाण्याने धुऊन, सावलीत वाळवून पुन्हा घेता येते. हे काम माघ-फाल्गुनात, नवी पानं फुटायच्या आधी उरकायचं. चातुर्मासात ओल्या कुंडीत बारीक जीव फार, तेव्हा ती उकरायची नाही.