गुरुजीची पेन्शन काढून आपल्याला काय मिळालं?



पोस्ट लांब आहे, पण शेवटपर्यंत वाचा. अर्धी वाचून शिव्या देऊ नका, पूर्ण वाचून द्या.

परवा संध्याकाळी आपल्या बोदलकसात पानठेल्यावर विषय निघाला. कोणीतरी मोबाईलवर जुनी पेन्शनची बातमी वाचली आणि एक काका तडकलेच. "त्या मास्तराले काहून पाहिजे पेन्शन? पगार का कमी हाय? आमी जिंदगीभर धान लावलं, आमाले कोन देते पेन्शन?" सगळे हसले. मीही हसलो. घरी आल्यावर मात्र झोप लागेना, कारण काकांचा प्रश्न बरोबर होता, राग चुकीच्या माणसावर होता.

आधी पेन्शन म्हणजे काय ते बघू. पेन्शन म्हणजे सरकारची मेहरबानी नाही. हे मी नाही, सुप्रीम कोर्टाने सांगितलं आहे. १७ डिसेंबर १९८२, डी. एस. नकारा यांचा खटला. सरन्यायाधीश होते आपले यशवंतराव चंद्रचूड. निकालाचा अर्थ सरळ आहे: पेन्शन ही बक्षिसी नाही, माणसाने उमेदीच्या वर्षांत केलेल्या कामाचा तो मोबदला आहे, म्हातारपणाची सामाजिक सुरक्षा आहे. म्हणूनच १७ डिसेंबर हा पेन्शनर दिन म्हणून पाळतात.

मग ती गेली कशी? केंद्राने १ जानेवारी २००४ पासून नव्या कर्मचाऱ्यांची जुनी पेन्शन बंद केली (सैन्यदलं सोडून). महाराष्ट्राने १ नोव्हेंबर २००५ ची रेघ ओढली. ३१ ऑक्टोबरला रुजू झालेला एका बाजूला, दुसऱ्या दिवशी रुजू झालेला दुसऱ्या बाजूला. एकच शाळा, एकच फळा, एकच पगारपत्रक. एकाला मरेपर्यंत शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मे आणि वर महागाई भत्ता, दुसऱ्याला बाजार देईल ते.

हिशेब करून बघा. समजा एका गुरुजीचा निवृत्तीच्या वेळचा मूळ पगार ८० हजार. जुन्या योजनेत पेन्शन ४० हजार, वर महागाई भत्ता, तो दरवर्षी वाढणारा. आता समजा नव्या योजनेत त्याच्या खात्यात ६० लाख जमले. त्यातले निदान ४० टक्के, म्हणजे २४ लाख, विमा कंपनीकडे ठेवावेच लागतात. सहा टक्क्यांनी वर्षाचे १ लाख ४४ हजार, महिन्याचे १२ हजार. ते १२ हजार वीस वर्षांनीही १२ हजारच. उरलेले ३६ लाख हातात मिळतात, हे खरं आहे, लपवत नाही. पण आपल्याकडे म्हाताऱ्याच्या हातात ३६ लाख आले की किती दिवस राहतात ते तुम्हालाही माहीत आहे. पोराचं घर, पोरीचं लग्न, नागपूरचा दवाखाना. पैसा जातो, म्हातारपण राहतं.

त्याहून वाईट गोष्ट वेगळीच होती. नव्या योजनेतला माणूस नोकरीत असताना मेला, तर त्याच्या बायकोला कुटुंबनिवृत्तिवेतन आणि ग्रॅच्युइटी देण्याचा निर्णय राज्याला घ्यायला मार्च २०२३ उजाडला. म्हणजे रेघ ओढल्यावर सतरा वर्षांहून जास्त.

आता राजकारण. डिसेंबर २०२२, नागपूर अधिवेशन. तेव्हाचे उपमुख्यमंत्री आणि अर्थमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सभागृहात सांगितलं की जुनी पेन्शन देता येणार नाही, १ लाख १० हजार कोटींचा बोजा पडेल, राज्य दिवाळखोरीत जाईल. दोन महिन्यांच्या आत, २ फेब्रुवारी २०२३ ला, नागपूर शिक्षक मतदारसंघाचा निकाल लागला. भाजपने पाठिंबा दिलेले नागो गाणार पडले, सुधाकर अडबाले निवडून आले. त्या मतदारसंघात आपला गोंदिया जिल्हाही येतो. आपल्याच गुरुजींनी ते मत दिलं. मग १४ ते २० मार्चचा संप, सुमारे १७ लाख कर्मचारी, "एकच मिशन, जुनी पेन्शन". सुबोध कुमार, के. पी. बक्षी आणि सुधीरकुमार श्रीवास्तव या निवृत्त अधिकाऱ्यांची समिती. जानेवारी २०२४ मध्ये, ज्यांच्या पदाची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ च्या आधीची होती अशा सुमारे २६ हजार जणांना जुन्या पेन्शनचा पर्याय. मार्च २०२४ मध्ये सुधारित योजनेची घोषणा, ऑगस्टमध्ये केंद्राची युनिफाइड पेन्शन.

दिवाळखोरीचं काय झालं? राज्य बुडालं नाही. मतं दिसली की तिजोरीची चावी सापडते, एवढाच याचा अर्थ.

आणि त्याच सभागृहात बसणाऱ्यांचं बघा. महाराष्ट्रात माजी आमदाराची पेन्शन महिन्याला ५० हजारांपासून सुरू होते, पाच वर्षांपुढच्या प्रत्येक वर्षाला २ हजार वाढतात. त्यांना १० टक्के कापून घ्या, बाजारात लावा आणि नशीब बघा, असं कोणी म्हणत नाही. बाजार एवढा चांगला असेल तर आधी आमदारांनी जावं की भाऊ!

युनिफाइड पेन्शन आली, आता काय रडता, असं काही लोक म्हणतात. नीट वाचा. केंद्राच्या योजनेत पूर्ण ५० टक्क्यांसाठी २५ वर्षं नोकरी लागते. आपल्याकडे पोरगा नोकरीला लागतो कधी? मे २०१२ मध्ये राज्यात शिक्षकभरती बंद झाली, पवित्र पोर्टलवरून पहिल्या नेमणुका निघायला २०१९ उजाडलं. डी.एड. करून बसलेली पोरं तोवर पस्तिशीला आली. ३५ व्या वर्षी लागला, ५८ व्या वर्षी निवृत्त झाला, म्हणजे २३ वर्षं. भरती तुम्हीच सात वर्षं अडवली, त्याचा भुर्दंड त्याच्या म्हातारपणी. हाच २५ वर्षांचा नियम उद्या राज्यातही लावायचा म्हटलं, तर पहिला फटका कोणाला बसेल ते सांगायला ज्योतिषी नको.

इथपर्यंत कर्मचारी मित्रांनी टाळ्या वाजवल्या असतील. आता पुढचं वाचा, कारण पुढचं तुमच्यासाठी आहे.

गुरुजी, तुमची पेन्शन गेली हे खरं. पण गेल्या वीस वर्षांत त्याहून मोठी गोष्ट घडली आणि तिच्यावर तुमच्या संघटना दबक्या आवाजात बोलतात. पेन्शनवाली नोकरीच गेली.

आपल्या गावात सरकारचं काम करणारी माणसं मोजा. अंगणवाडी सेविका, मदतनीस: मानधन. आशाताई: कामाप्रमाणे मोबदला. रोजगार सेवक: मानधन. कोतवाल: मानधन. संगणकावर दाखले काढून देणारा पोरगा: कंत्राट. शाळेत खिचडी शिजवणारी बाई: मानधन, तेही वेळेवर आलं तर. जंगलात आग लागली की झाडाची फांदी घेऊन धावणारा मजूर: रोजंदारी. कायम नोकरी म्हणजे गुरुजी, ग्रामसेवक, तलाठी, वनरक्षक, बस. आणि त्यातला एक निवृत्त झाला की दुसरा त्याच जागी येईलच याची खात्री नाही, दोन गावांचा भार एकावर पडतो.

जुलै २०२३ मध्ये सरकारने काय केलं आठवतं? जिल्हा परिषदेच्या शाळांत शिक्षक कमी पडले म्हणून निवृत्त शिक्षकांनाच २० हजार मानधनावर परत बोलवायचं ठरवलं. २०२४ मध्ये वीस किंवा त्याहून कमी पट असलेल्या शाळांवर कंत्राटी शिक्षक देण्याचा निर्णय काढला. आपल्यासारख्या जंगलपट्ट्यातल्या लहान शाळांवरच तो येणार होता. ओरड झाली, पुढे तो रद्द झाला. पण दिशा कळली ना? कायम माणूस निवृत्त करायचा आणि ती जागा मानधनावर चालवायची. मग पेन्शनचा प्रश्नच उरत नाही. पेन्शन बंद करायची गरज नाही, पेन्शनर जन्मालाच येऊ द्यायचा नाही.

म्हणून माझा प्रश्न. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यभरातल्या अंगणवाडी सेविका संपावर गेल्या. मानधन वाढवा, ग्रॅच्युइटी द्या, पेन्शन द्या, एवढंच मागत होत्या. सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०२२ मध्येच सांगितलं होतं की अंगणवाडीताईंना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो. पन्नास दिवसांच्या आसपास त्या बसल्या. आपल्यापैकी किती पेन्शनवाले त्यांच्या मांडवात जाऊन बसले? एक दिवस, एक तास? उत्तर मला देऊ नका, स्वतःला द्या. तुमच्या शाळेच्या भिंतीला भिंत लागून त्यांची अंगणवाडी आहे. तुमच्या पहिलीतलं पोरगं अक्षरं ओळखत येतं ते त्यांच्यामुळे.

तुम्ही एकटे लढलात म्हणून सरकारला गावकऱ्यांच्या कानात सांगता आलं, "बघा, यांना पगारही पाहिजे आणि पेन्शनही, तुमच्या पैशातून." आणि गावाने ते मानलं. पानठेल्यावरच्या काकांचा राग तिथून आला.

आता काका, तुमच्याकडे येतो.

काका, तुमचा हक्क कोणी मारला ते बघा. श्रावणबाळ योजनेत महिन्याला १५०० रुपये. त्यात केंद्राचा वाटा ऐंशीच्या आतल्या माणसाला फक्त २०० रुपये. आणि ते मिळवायला कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला २१ हजारांच्या आत असल्याचा दाखला लागतो. महिन्याला १७५० रुपयांत अख्खं घर चालतं असं कागदावर लिहून द्यायचं! म्हणजे खोटं बोला तर पेन्शन, खरं बोला तर घरी जा. शेतकऱ्यांसाठी २०१९ मध्ये केंद्राने मानधन योजना आणली, साठीनंतर ३ हजार. पण ती घ्यायला वय १८ ते ४० पाहिजे. तुम्ही तेव्हाच पन्नाशी ओलांडली होती, दार बंद. तुमचा पोरगा ठेकेदाराकडे जातो, त्याचा पीएफ कापला जातो, त्यातल्या ईपीएस-९५ ची किमान पेन्शन २०१४ पासून १ हजारावर अडली आहे. एक हजारात आता गॅसचं एक सिलिंडर भरा आणि घरी या.

यातला एक तरी पैसा गुरुजीने खाल्ला का? २००५ ला गुरुजीची पेन्शन काढली, ती तुमच्या खात्यात आली का? मग ती गेली म्हणून आपण खूश कशासाठी व्हायचं? शेजाऱ्याची विहीर बुजवली म्हणून आपल्या बांधीत पाणी येत नाही. आपला बोदलकसाचा तलाव इंग्रजांच्या काळात बांधला गेला, तो कोणा एकाच्या बांधीसाठी नव्हता. म्हातारपणाची सोय तशीच पाहिजे, सगळ्यांच्या बांधीत थोडं थोडं पाणी.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. गावात पेन्शन आली की ती गावातच फिरते. किराणा, खत, नातवाची फी, मजुराची मजुरी. दुष्काळात किंवा मावा-तुडतुड्याने धान खाल्लं त्या वर्षी कोणाच्या घरून हातउसने मिळतात ते आठवा. पेन्शनरच्या घरून. तो शेवटचा पेन्शनर गेला की आपण जाणार कोणाकडे?

पैसे कुठून येणार, हा प्रश्न रास्त आहे, तो टाळणार नाही. देवरीच्या पुढे बाघ नदी ओलांडली की छत्तीसगड. त्यांनी २०२२ मध्ये जुनी पेन्शन परत आणली. राजस्थान, पंजाब, हिमाचल यांनीही तसंच ठरवलं. पण केंद्राने नव्या योजनेत जमा झालेली रक्कम राज्यांना परत द्यायला नकार दिला. म्हणजे नुसती घोषणा करून भागत नाही, दरवर्षी बाजूला पैसा ठेवावा लागतो. हे मान्य. मग तसा निधी उभारा, हिशेब विधानसभेत मांडा. पण काटकसर करायची तर ती वरून खाली आली पाहिजे. आमदाराच्या ५० हजारांना हात न लावता श्रावणबाळच्या १५०० वर पोथी सांगू नका.

म्हणून माझं म्हणणं तीनच वाक्यांत. एक, १ नोव्हेंबर २००५ ची रेघ अन्यायाची आहे, ती पुसा. दोन, कर्मचारी संघटनांनी पुढच्या मोर्चाच्या निवेदनात पहिली मागणी मानधनावरच्या आणि कंत्राटी माणसांची लिहावी, आपली दुसरी. तीन, गावाने गुरुजीची पेन्शन काढा म्हणणं सोडून श्रावणबाळची रक्कम आणि ती २१ हजारांची अट बदला म्हणायला लागावं.

पुढच्या ग्रामसभेत मी तिसऱ्या मुद्द्यावर ठराव मांडणार आहे. काका, तुम्ही सूचक व्हा. गुरुजी, तुम्ही अनुमोदन द्या. आणि अंगणवाडीताई, तुम्ही पुढे बसा, मागे भिंतीला टेकून नका बसू.

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर कमेंटमध्ये हिशेब मांडा, मीही मांडतो.