छबी कोणाची?

छायाचित्र ज्याने काढले त्याचे, की ज्याचे काढले त्याचे? प्रश्न वरवर शब्दांच्या खेळासारखा वाटेल. परंतु हातोहाती कॅमेरा आल्यापासून तो प्रत्येक कुटुंबाच्या उंबरठ्याशी येऊन उभा राहिला आहे. महाराष्ट्रापासून दूर पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या आपल्या घरांत तर छायाचित्राचे मोल पत्राइतकेच. इंदूरला मुंज झाली की बटूचे छायाचित्र पुण्याच्या मावशीला, बडोद्याच्या आत्याला टपालाने जावयाचे. पाकिटावर पत्ता असे. ते कोणाच्या हाती पडणार, हे पाठविणाऱ्याला ठाऊक असे. आज चित्र जाते, पण पाकीट राहिलेले नाही.

फ्लिकर हे छायाचित्रांचे संकेतस्थळ २००४ मध्ये कॅनडातील व्हँकुव्हर शहरी सुरू झाले. जगभरच्या हौशी छायाचित्रकारांनी आपली चित्रे तेथे मांडावीत, इतरांची पाहावीत, छायाप्रकाशाविषयी चार गोष्टी एकमेकांस सांगाव्यात, असा हा मेळा. आपले चित्र केवळ घरच्यांनी पाहावे, मित्रांनी पाहावे, की साऱ्या जगाने, हे ठरविण्याची सोय तेथे आहे. इतरांनी ते वापरावे अशी इच्छा असल्यास ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ नावाचा मुक्त परवाना त्यास जोडता येतो. हे परवाने २००२ मध्ये प्रथम निघाले. त्यांतील एका उदार परवान्यानुसार छायाचित्रकाराचे नाव दिले की चित्र व्यापारासाठीही वापरता येते. कला मुक्तहस्ते वाटण्याची ही कल्पना खरोखर स्तुत्य होय. मात्र देणाऱ्याने जे दिले ते सर्व त्याचेच होते काय, हे पाहणे प्राप्त आहे.

अमेरिकेतील टेक्सास राज्यात २००७ मध्ये चर्चच्या एका कार्यक्रमात तेथील मार्गदर्शकाने एका अल्पवयीन मुलीचे हसतमुख छायाचित्र काढले आणि अशाच उदार परवान्यानिशी फ्लिकरवर मांडले. थोड्याच दिवसांत ते ऑस्ट्रेलियातील एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत झळकले. अ‍ॅडलेड शहरातील बसथांब्यावर त्या मुलीची छबी, आणि तिच्यावर ‘पत्रमैत्रिणीला आता सोडचिठ्ठी द्या’ अशा अर्थाचा खोचक मजकूर! त्या जाहिरातीचेही कोणी छायाचित्र काढून फ्लिकरवर टाकले, तेव्हा कुठे हा प्रकार त्या मुलीला कळला. कुटुंबाने दावा लावला. पण ऑस्ट्रेलियातील कंपनी आपल्या अधिकारक्षेत्रात येत नाही, या मुद्द्यावर टेक्सासमधील न्यायालयाने तो २००९ मध्ये काढून टाकला. मूळ प्रश्न अनिर्णीतच राहिला.

येथे दुष्ट हेतू कोणाचा, असे विचाराल तर छायाचित्रकाराचा खचितच नव्हे. त्याने सद्भावनेने चित्र दिले. पण त्याची संमती ही त्याच्या कलेपुरती होती. मुलीचा चेहरा त्याच्या मालकीचा नव्हता, आणि तिला किंवा तिच्या आईवडिलांना कोणी विचारलेच नव्हते. एका चित्रात दोन संमती असतात, आणि एक मिळाली म्हणजे दुसरी आपोआप मिळत नाही, हे या प्रकरणाचे सार होय.

संगणकाने हा प्रश्न निर्माण केला, असेही नाही. न्यूयॉर्क राज्यातील एका तरुणीचे छायाचित्र तिला न विचारता पिठाच्या जाहिरातीसाठी छापण्यात आले होते. सुमारे २५,००० प्रती दुकानांतून आणि मद्यालयांतून लागल्या. चित्र सुरेख होते, विटंबनेचा लेशही त्यात नव्हता. तरीही आपला चेहरा असा बाजारात मांडला गेला, या जाणिवेने ती अंथरुणाला खिळली. १९०२ मध्ये राज्याच्या वरिष्ठ न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी तिचा दावा फेटाळला. त्यावर एवढा लोकक्षोभ झाला की, लेखी संमतीवाचून कोणाचे नाव वा छबी जाहिरातीसाठी वापरू नये, असा कायदा १९०३ मध्ये तेथे करावा लागला.

आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते काढणारा. मोबदला देऊन काढवून घेतले असेल आणि उलट करार नसेल, तर हक्क प्रथम काढवून घेणाऱ्याचा. ज्याची छबी आहे त्याचा या हिशेबात उल्लेख नाही. व्यक्तीचे खासगीपण हा मूलभूत अधिकार आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला खरा; परंतु हळदीकुंकवाच्या समारंभातील प्रत्येक चित्रासाठी काही कोणी न्यायालयाची पायरी चढत नाही. तेथे तारतम्यच कामी यावे लागते.

या तारतम्याचा एक जुना दाखला आपल्याच परिसरातला आहे. इंदूरच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी करीत असता कॅमेरा हाती घेतलेले लाला दीनदयाळ पुढे हैदराबादच्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले. पडदानशीन स्त्रियांसाठी त्यांनी १८९२ मध्ये हैदराबादेत वेगळा जनाना स्टुडिओ उघडला आणि त्याची व्यवस्था एका इंग्रज बाईंकडे सोपविली. पडद्याची चाल आज कोणी समर्थनीय मानणार नाही. पण समोर बसणाऱ्या व्यक्तीचा संकोच ओळखून आपल्या कामाची रीत बदलावी, ही वृत्ती मात्र आजही घेण्याजोगी आहे.

म्हणून आपल्या मंडळांनी काही साधे संकेत पाळावेत. गणेशोत्सवात वा स्नेहसंमेलनात छायाचित्रे काढली जाणार असतील तर ती कोठे प्रसिद्ध होतील, हे आधीच सांगावे. मुलांची चित्रे पालकांना विचारल्यावाचून जगासमोर मांडू नयेत. मोबाइलमध्ये स्थानाची नोंद चालू असेल तर चित्राबरोबर ते काढल्याचे ठिकाणही नोंदले जाते. ती नोंद आधी बंद करावी. एखाद्या भगिनीने ‘माझे चित्र काढून टाका’ असे म्हटले, तर कारण न विचारता ते काढावे. नकाराचे कारण सांगावे लागू नये, यातच नकाराचा मान आहे.

आणखी एक गोष्ट. आपल्या ओळखीची माणसे निदान तक्रार तरी करू शकतात. परंतु नर्मदेच्या घाटावर भिक्षेसाठी बसलेली वृद्धा, रस्त्याच्या कडेला उघड्यावर न्हाणारे मूल, ही माणसे आपले चित्र कोठे लागले हे पाहावयास कधीच येणार नाहीत. त्यांच्या सुरकुत्यांवर पडलेला प्रकाश सुंदर असेल. त्या चित्राला शेकडो अनोळखी रसिकांची दादही मिळेल. पण ती वृद्धा आपली आजी असती तर हेच चित्र आपण मांडले असते काय? हा प्रश्न कॅमेऱ्याची कळ दाबण्यापूर्वी ज्याला पडतो, तो बहुधा आधी तिच्यापाशी चार पावले जातो, दोन शब्द बोलतो, आणि तिने मान हलवून नको म्हटले तर कॅमेरा खाली घेतो. त्याच्या संग्रहात एक चित्र कमी पडेल. त्याने काही बिघडत नाही.